पेशीकेंद्रकाचे त्रिमितीय चित्रण: पहिल्यांदा कॉन्फोकलवर बसणाऱ्यांसाठी

कल्चरमध्ये वाढवलेल्या माणसाच्या पेशीचे केंद्रक साधारण १५ मायक्रॉन लांब, १२ मायक्रॉन रुंद आणि ५ ते ८ मायक्रॉन उंच असते. लांबी-रुंदी कोणत्याही बऱ्या फ्लुरोसेन्स सूक्ष्मदर्शकावर नीट दिसते. घोटाळा होतो तो उंचीत. पेशी सुकली की उंची जाते. माउंटिंगचे द्रव, म्हणजे स्लाइड आणि कव्हरस्लिपच्या मध्ये घालायचे द्रव, कमी पडले की कव्हरस्लिप केंद्रकावर बसते. ऑब्जेक्टिव्हवरच्या तेलाचा आणि या द्रवाचा अपवर्तनांक जुळला नाही की आहे ती उंची फुगून दिसते. वरून पाहताना यातले काहीच कळत नाही, चित्र सुंदरच येते. म्हणून पुढच्या प्रत्येक पायरीला एकच प्रश्न विचारत जा: याने केंद्रकाच्या उंचीचे काय होईल?

गोव्यात ताळगाव पठारावर, बांबोळीला, झुआरीनगरात किंवा दोना पावलाला प्रकल्पाची सुरुवात करणारे आणि मडगाव-म्हापशाच्या कॉलेजातून स्लाइड घेऊन दुसऱ्याच्या यंत्रावर जाणारे, अशा दोघांना धरून हे लिहिले आहे. पेशी कल्चर करणे येते आणि अँटिबॉडी म्हणजे काय ते ठाऊक आहे, एवढे गृहीत धरले आहे.

त्रिमिती खरेच हवी का?

शंभरातल्या किती पेशींत सिग्नल आहे, किती पेशी विभाजनात आहेत, एवढेच मोजायचे असेल तर साधा फ्लुरोसेन्स पुरे. कॉन्फोकलचा तास वाया घालवू नका. त्रिमिती लागते ती आकारमान मोजताना, केंद्रकाचा आकार पाहताना, दोन ठिपक्यांमधले अंतर काढताना, किंवा एखादा ठिपका केंद्रकाच्या काठाशी आहे की आत हे ठरवताना. शेवटचा प्रश्न सगळ्यात फसवा. केंद्रकाच्या छतावर चिकटलेला ठिपका वरून पाहिला तर हमखास मधोमध दिसतो आणि 'आतल्या' रकान्यात मोजला जातो.

दृष्टी किती बारीक आहे तेही आधी हिशोब करून पाहा. डॅपी या डीएनएला चिकटणाऱ्या रंगाचा निळा प्रकाश सुमारे ४६० नॅनोमीटरचा. ऑब्जेक्टिव्हचा एनए (न्यूमरिकल अ‍ॅपर्चर, प्रकाश गोळा करण्याची क्षमता) १.४ असेल तर आडव्या दिशेने ०.६१ × ४६० ÷ १.४, म्हणजे २०० नॅनोमीटरचे अंतर वेगळे दिसते. उभ्या दिशेने हाच आकडा ७०० नॅनोमीटरच्या घरात जातो. कॉन्फोकलचे पिनहोल, म्हणजे फोकसबाहेरचा प्रकाश अडवणारे बारीक छिद्र, तो थोडा खाली आणते, पण आडव्याच्या बरोबरीला आणत नाही. केंद्रकपटलाच्या आतला लॅमिनाचा थर प्रत्यक्षात ५० नॅनोमीटरहून पातळ आहे. चित्रात तो बाजूने पाव मायक्रॉन आणि वर-खाली अर्ध्या मायक्रॉनहून जाड दिसेल. ती जाडी ऑब्जेक्टिव्हची आहे, पेशीची नाही. ती मोजून 'लॅमिना जाड झाली' असे प्रबंधात लिहू नका.

यंत्राची वेळ मागताना

ऑब्जेक्टिव्हवर काय कोरले आहे ते विचारा. ६०×, ६३× किंवा १००×, एनए १.३ ते १.४, तेलाचे, आणि शेवटी ०.१७ असा आकडा (कव्हरस्लिपची जाडी, मिलिमीटरमध्ये) हवा. २०× आणि ०.७५ एनए असलेले ऑब्जेक्टिव्ह उभ्या दिशेने दीड मायक्रॉनपेक्षा बारीक पाहू शकत नाही. ७ मायक्रॉनच्या केंद्रकाचे त्यात चार-पाच जाड तुकडे पडतात आणि त्रिमितीचा अर्थच जातो. दुसरे, ४०५ नॅनोमीटरचा लेसर आहे का? नसेल तर डॅपी सोडून द्या आणि लाल किंवा दूरच्या लाल रंगाचा डीएनए-रंग घ्या. तिसरे, स्टेज किंवा ऑब्जेक्टिव्ह वर-खाली सरकवणारी मोटर ०.२ मायक्रॉनची पायरी विश्वासाने घेते का? चौथे, फाइल मूळ स्वरूपात मिळेल ना? काही ठिकाणी भले लोक मदत म्हणून जेपीईजी करून पेनड्राइव्हवर देतात. त्यावर पुढे काहीही मोजता येत नाही.

पेशी कव्हरस्लिपवरच वाढवा

पेशी स्लाइडवर वाढवून वरून कव्हरस्लिप ठेवली की मध्ये द्रवाचा थर येतो आणि प्रत्येक मायक्रॉनला चित्र बिघडत जाते. कव्हरस्लिपवर वाढवून ती उलटी ठेवली की पेशी काचेला चिकटून असतात. कव्हरस्लिप १.५ क्रमांकाची घ्या, म्हणजे ०.१७ मिलिमीटरची. कॉलेजच्या कपाटात सहसा १ क्रमांकाची असते, ती ०.१३ ते ०.१६ मिलिमीटर भरते. शक्य असेल तर १.५एच मागवा, त्यात फरक ५ मायक्रॉनच्या आत ठेवलेला असतो.

पावसाळ्यात उघडलेल्या डबीतल्या कव्हरस्लिपा एकमेकींना चिकटतात आणि त्यांवर धुरकट थर बसतो. त्या पुसून वापरू नका. रात्रभर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ठेवा, डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवा, ७० टक्के अल्कोहोलमध्ये साठवा. पेशी सैल धरत असतील तर ०.०१ टक्के पॉली-एल-लायसीनचा हात द्या.

दाटीकडे लक्ष ठेवा. विरळ पेशी पसरतात आणि केंद्रक चपटे होते. गर्दीत तेच केंद्रक अरुंद आणि उंच होते. औषध दिलेल्या पेशी मरून विरळ झाल्या आणि कंट्रोल गच्च भरला, तर दिसणारा उंचीतला फरक औषधाचा की गर्दीचा हे कुणीच सांगू शकणार नाही. दोन्हीकडे फिक्स करताना ५० ते ६० टक्के दाटी राहील असे बेताने पेरा.

कल्चर अजून सुरू झालेले नसेल तर हात बसवायला कांदा उत्तम. कांद्याच्या पाकळीची आतली पारदर्शक साल काढा, ५ मिलिमीटरचा चौकोन कापा. ४ टक्के पीएफएमध्ये (पॅराफॉर्मल्डिहाइड, कृती पुढे आहे) अर्धा तास, ०.५ टक्के ट्रायटनमध्ये १५ मिनिटे, डॅपी १५ मिनिटे. पेशीभित्ती थोडी निळसर चमकते, तिकडे दुर्लक्ष करा. एकाच सालीत काही केंद्रके गोल चकतीसारखी आणि काही भित्तीला टेकलेली, बारीक चातीसारखी दिसतील. स्टॅक, म्हणजे तळापासून वरपर्यंत एकेका पातळीची चित्रे, घेऊन उभा छेद (बाजूने कापलेले रूप) पाहिला की कळते, आकार एकच आहे, बघण्याची बाजू वेगळी. हा सराव ज्याने केला तो पुढे सपाट चित्रावर विश्वास ठेवत नाही. बी.एस्सी.ला करतात तो मूळटोकाचा स्क्वॉश मात्र इथे चालणार नाही. त्यात अंगठ्याने दाबून केंद्रक मुद्दाम चपटे केलेले असते.

फिक्स करताना पेशी कोरडी पडू देऊ नका

पॅराफॉर्मल्डिहाइड, म्हणजे पीएफए, ४ टक्के. ४ ग्रॅम पावडर ८० मिलि पाण्यात ६० अंशांवर ढवळा, द्रव निवळेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइडचे थेंब घाला, १० मिलि १०× पीबीएस घाला, थंड झाल्यावर पीएच ७.४ ला आणा, १०० मिलि करा आणि गाळून घ्या. हे सगळे फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून. छोटे भाग करून उणे २० अंशांवर ठेवता येते. एकदा वितळलेला भाग परत गोठवू नका. पावडरची बाटली पावसाळ्यात उघडी राहिली की ओल धरते, गुठळ्या होतात आणि वजनात पाणी मोजले जाते.

पीएफए ३७ अंशांवर कोमट करून घाला. फ्रिजमधून काढून थेट ओतले तर पेशी आक्रसतात. १५ मिनिटे पुरेत. मग पीबीएसने पाच-पाच मिनिटे तीनदा धुवा आणि उरलेले अल्डिहाइड मारायला ५० मिलिमोलर अमोनियम क्लोराइड १० मिनिटे द्या. हे चुकवले तर पार्श्वभूमी हिरवट होते.

मिथेनॉलने फिक्स करणे झटपट होते, काही अँटिबॉडींना तेच लागते. पण ते पाणी ओढून घेते आणि केंद्रक खाली बसते. लॅमिनची (लॅमिनाच्या थरातले प्रथिन) चकाकती कडा छान येईल, आकारमान मात्र खोटे. त्रिमितीसाठी मिथेनॉल टाळाच.

आता नवख्यांची नेहमीची चूक. एक द्रव शोषून दुसरे घालेपर्यंत कव्हरस्लिप उघडी राहते. एसी आणि डीह्युमिडिफायर चालू असलेल्या खोलीत बाहेर कितीही दमट असले तरी पातळ थर बघता बघता वाळतो. वाळलेल्या पेशीला पुन्हा पीबीएस दिले तरी गेलेली उंची परत येत नाही. सगळे द्रव एकदम काढू नका. थोडे राहू द्या आणि दुसऱ्या हाताने नवीन घाला. बारा कव्हरस्लिपा एका वेळी करण्यापेक्षा चार-चारचे गट करा.

रंगवणे

पीबीएसमध्ये ०.५ टक्के ट्रायटन एक्स-१००, १० मिनिटे. केंद्रकाच्या आत अँटिबॉडी जायची असल्याने ०.१ टक्क्यावर समाधान मानू नका. लॅमिन दिसते पण केंद्रिकेतले फायब्रिलरिन हे प्रथिन दिसत नाही, अशी तक्रार आली की पहिला संशय अपुऱ्या ट्रायटनवर घ्या. त्यानंतर ३ टक्के बीएसए अर्धा तास.

अँटिबॉडी वाचवायची युक्ती सगळीकडे तीच: पेट्री डिशमध्ये ओला टिश्यू, त्यावर पॅराफिल्म, पॅराफिल्मवर ४० मायक्रोलिटरचा थेंब, थेंबावर कव्हरस्लिप पालथी. झाकण लावा. पहिली अँटिबॉडी एक तास खोलीच्या तापमानाला किंवा रात्रभर ४ अंशांवर. दुसरी, रंगाची, १:५०० ने सुरुवात करून ४५ मिनिटे अंधारात. प्रत्येकीनंतर तीन धुण्या. कव्हरस्लिप उचलताना चिमट्याने ओढू नका. कडेने १०० मायक्रोलिटर पीबीएस सोडा, ती आपोआप तरंगते. ओढली तर पेशी खरवडल्या जातात आणि केंद्रके एका बाजूला शेपटीसारखी ताणलेली दिसतात.

एक कव्हरस्लिप पहिल्या अँटिबॉडीशिवाय नेहमी करा. तिच्यावर जेवढा उजेड दिसेल तेवढा सिग्नल तुमचा नाही.

डॅपीचा साठा पाण्यात १ मिलिग्रॅम प्रति मिलि. वापरताना १ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, १० मिनिटे. जास्त घातल्याने चित्र उजळत नाही, पेशीद्रव्य निळे होते. उंदराच्या पेशींत डॅपीने ठळक चकाकते ठिपके दिसतात. ती सेंट्रोमिअरजवळची, एटी (अ‍ॅडेनिन-थायमिन) जोड्यांनी भरलेली डीएनए आहे, घाण नव्हे. माणसाच्या पेशींत ते तसे दिसत नाहीत. डॅपी डीएनएला चिकटते, हे तुमच्या डीएनएलाही लागू, हातमोजे घाला.

माउंटिंग: इथे घाई केली की सगळे गेले

पहिला हिशोब द्रवाच्या प्रमाणाचा. २२ × २२ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपचे क्षेत्रफळ ४८४ चौरस मिलिमीटर. तिच्याखाली १० मायक्रोलिटर द्रव पसरले तर थर सुमारे २० मायक्रॉनचा होतो. ७ मायक्रॉनचे केंद्रक त्यात आरामात राहते. पण बुडबुडा नको म्हणून ३ मायक्रोलिटरच घातले, किंवा ठेवल्यावर टिश्यूने दाबून टिपले, तर थर ६ मायक्रॉनवर येतो आणि काच केंद्रकावर टेकते. वरून चित्र आणखी टवटवीत दिसते, कारण सगळे एकाच पातळीत आलेले असते. म्हणून १० ते १२ मायक्रोलिटर घाला, एक कड टेकवून हळू खाली सोडा, कडेला आलेले द्रव फक्त टोकाने टिपा. २० मायक्रोलिटर घातले तर कव्हरस्लिप तेलाबरोबर सरकत राहील. कांद्याच्या सालीला मात्र दोन बाजूंना दुतर्फी चिकटपट्टीचे तुकडे लावून आधार द्यावाच लागतो.

दुसरी गोष्ट द्रवाच्या जातीची. जी द्रवे वाळून घट्ट होतात ती टिकाऊ असतात, सोयीची असतात, आणि वाळताना आक्रसून केंद्रक चपटे करतात. नुसते ठिपके मोजायचे असतील तर खुशाल वापरा. उंची मोजायची असेल तर न वाळणारे ग्लिसरॉलचे द्रव घ्या: ९० टक्के ग्लिसरॉल, १० टक्के ट्रिस बफर, पीएच ८.५ च्या आसपास, त्यात रंग उडू नये म्हणून २.५ टक्के डॅबको. प्रयोगशाळेत बनवता येते, उणे २० अंशांवर टिकते. पिवळे पडले की टाकून द्या. ग्लिसरॉल केंद्रकातले पाणी एकदम ओढते, म्हणून आधी ३० टक्के, मग ६० टक्के ग्लिसरॉलमध्ये दहा-दहा मिनिटे ठेवून मगच ९० टक्क्यांत न्या.

तिसरी गोष्ट अपवर्तनांक. काच आणि तेल १.५१५, ९० टक्के ग्लिसरॉल १.४६, पीबीएस १.३३. पीबीएसमध्ये माउंट करून तेलाच्या ऑब्जेक्टिव्हने पाहिले तर मोटर १ मायक्रॉन सरकते तेव्हा फोकस पेशीत फक्त ०.८८ मायक्रॉन सरकतो, एनए मोठा असेल तर त्याहूनही कमी. ७ मायक्रॉनचे केंद्रक ८ मायक्रॉनचे भरते. ग्लिसरॉलमध्ये हीच चूक ४ टक्क्यांवर येते. घट्ट द्रव केंद्रक चेपते आणि पाणी ते फुगवून दाखवते. दोन्ही चुका मिळून कधीकधी उंची 'बरोबर' येते, ती सर्वात वाईट स्थिती.

चारी कोपरे पारदर्शक नेलपॉलिशने आधी टाका, पाच मिनिटांनी कडा बंद करा. जून-जुलैत नेलपॉलिश पांढरट होते आणि उशिरा वाळते. अर्धा तास द्या. ओले नेलपॉलिश तेलात उतरते आणि लाखांच्या ऑब्जेक्टिव्हवर बसते. हे झाले तर यंत्र सांभाळणारे तुम्हाला पुन्हा तारीख देणार नाहीत, आणि त्यांचे बरोबर असेल.

स्लाइड दुसरीकडे न्यायच्या असतील तर फॉइल गुंडाळलेल्या स्लाइडपेटीत, आडव्या. कदंबा बसमध्ये उभी धरलेली पेटी मडगावहून पणजीला पोचेपर्यंत ग्लिसरॉलच्या स्लाइडवरची काच सरकलेली असते. बर्फाच्या डब्यात घालू नका. गार स्लाइड दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर दव धरते आणि ते पाणी तेलात मिसळून चित्र दुधाळ करते. फ्रिजमधली स्लाइडही पेटीसकट खोलीच्या तापमानाला येऊ द्या, मग उघडा.

सूक्ष्मदर्शकावर

यंत्र चालू करून निदान अर्धा तास थांबा. लेसर स्थिरावतो, पण मुख्य म्हणजे लोखंडी सांगाडा एसीच्या तापमानाला येतो. तो तापत-निवत असताना फोकस सरकत राहतो आणि स्टॅकमध्ये केंद्रक तिरपे दिसते. एसी २२-२३ अंशांवर एकसारखा ठेवा आणि झोत स्टेजवर येऊ देऊ नका.

तेलाचा एकच छोटा थेंब. शोधाशोध डॅपीवर करू नका. दिव्याचा अतिनील उजेड पाच मिनिटे पडला की डॅपीचा काही भाग हिरवा चमकू लागतो आणि हिरव्या चॅनेलमध्ये नसलेला सिग्नल उगवतो. लाल किंवा हिरव्या रंगावर, मंद उजेडात केंद्रक शोधा. चॅनेल एकापाठोपाठ घ्या, एकदम नाही. क्रम दूरच्या लालपासून निळ्याकडे.

आकडे असे ठेवा. पिनहोल १ एअरी युनिट. झूम असा की पिक्सेल ०.०८ मायक्रॉन येईल, म्हणजे १०२४ पिक्सेलांत सुमारे ८० मायक्रॉनचे क्षेत्र. १२ बिट, सरासरी २. लेसर २ टक्क्यांपासून चढवत न्या. हाय-लो रंगपट्टी लावून पाहा: केंद्रकातला एकही पिक्सेल टोकाला जाऊ नये. हे केंद्रकाच्या मधल्या पातळीवर तपासा, खालच्या कडेवर नाही, नाहीतर मध्ये गेल्यावर सगळे पांढरे होते. आणि एकदा ठरवलेला गेन कंट्रोल आणि प्रयोग दोन्हींना तोच.

आता सीमा लावा. फोकस काचेच्या बाजूने हळूहळू आत न्या. आधी काही नसते. मग लॅमिनच्या चॅनेलमध्ये एक भरलेला धूसर डाग उगवतो. हा केंद्रकाचा तळ, आणि त्यात बारीक सुरकुत्या दिसल्या तर त्या पटलाच्या घड्या. आणखी अर्धा-एक मायक्रॉन वर गेले की डाग मधून फाटतो आणि कडी होते. कडी रुंदावते, सर्वात रुंद होते, तिथे डॅपीत दोन-तीन काळी भोके दिसतात: केंद्रिका. मग कडी आकसते, पुन्हा भरलेला डाग होते आणि विरते, हे छत. बाजूने कापलेले केंद्रक ताटात ठेवलेल्या सान्नासारखे असते, खाली सपाट आणि वर फुगीर. तळाचा डाग विरतो तिथून १ मायक्रॉन खाली आणि छताचा विरतो तिथून १ मायक्रॉन वर सीमा ठेवा. नवखे हमखास दोन्हीकडे कापतात, कारण अंधाऱ्या पातळ्या घेणे फुकट वाटते. पण केंद्रक कुठे संपते हे त्या अंधारावरूनच ठरते.

पायरी ०.२५ मायक्रॉन. ७ अधिक २, म्हणजे ९ मायक्रॉनला ३७ पातळ्या. सेकंदाला ४०० ओळी या वेगाने एक पातळी अडीच सेकंद, सरासरी दोन धरून पाच, तीन चॅनेल: एका स्टॅकला साडेनऊ मिनिटे. तासाला पाच-सहा स्टॅक, दर स्टॅकमध्ये सहा ते दहा केंद्रके. तासांची मागणी या हिशोबाने करा. एका स्टॅकची फाइल सुमारे २२० एमबी होते, तेवढी जागा बरोबर न्या. वेळ वाचवायला पायरी १ मायक्रॉन करू नका. त्याऐवजी एका केंद्रकाभोवती चौकट लहान करा.

पहिला स्टॅक झाला की तिथेच बसून उभा छेद पाहा. तिरपे केंद्रक म्हणजे सरकणे. शेवटच्या पातळ्या फिक्या म्हणजे रंग उडाला. लेसर कमी करा. पायऱ्या दातेरी दिसल्या तर मोटर अडखळते आहे किंवा कुणी टेबलाला टेकले आहे. केंद्रक उभ्या दिशेने लांबट अंडे दिसले तर अपवर्तनांक. घरी जाऊन पाहिले तर यातले काहीच दुरुस्त होत नाही.

मण्यांची परीक्षा

डॅपीच्या कडेबाहेर वर लॅमिन आहे आणि खाली ते डॅपीच्या आत शिरले आहे, असे दिसले तर शोध लागला असे समजू नका. निळा आणि लाल प्रकाश एकाच खोलीवर फोकस होत नाहीत. पाव मायक्रॉनचा फरक सहज असतो. चार रंगांत चमकणारे ०.२ मायक्रॉनचे मणी त्याच प्रकारच्या कव्हरस्लिपवर, त्याच द्रवात माउंट करा, त्याच सेटिंगने स्टॅक घ्या आणि प्रत्येक रंगात मण्याचा मध्य कुठे येतो ते मोजा. जो फरक येईल तेवढ्याने चॅनेल सरकवा. मणी एका बाजूला शेपूट सोडत असेल तर कव्हरस्लिपची जाडी किंवा तेल चुकते आहे. ही परीक्षा दर सत्रात करावी. निदान नवा बॅच सुरू करताना तरी कराच.

मोजणी

फिजी हे मोफत सॉफ्टवेअर पुरते. फाइल बायो-फॉरमॅट्समधून उघडा आणि सगळ्यात आधी कंट्रोल-शिफ्ट-पी दाबून व्हॉक्सेलचे (त्रिमितीय पिक्सेलचे) माप पाहा: ०.०८, ०.०८, ०.२५ मायक्रॉन. इथे तिन्हीकडे १ दिसले तर माहिती वाटेत हरवली आहे, हाताने भरा. पाण्यात माउंट केले असेल तर ०.२५ च्या जागी ०.२२. कंट्रोल-शिफ्ट-एचने तिन्ही बाजूंचे छेद उघडा.

डॅपी चॅनेलची प्रत काढा, त्रिमितीय गॉसियन ब्लर २, २, १ द्या, ओत्सू थ्रेशोल्ड (केंद्रक आणि पार्श्वभूमी वेगळी करणारी उजेडाची मर्यादा) लावा आणि 'स्टॅक हिस्टोग्राम'वर खूण करायला विसरू नका. ती नसेल तर थ्रेशोल्ड एकाच पातळीवरून ठरते आणि छत-तळ कापले जातात. केंद्रिकांची भोके फिल होल्सने भरा, नाहीतर केंद्रिका मोठ्या असलेल्या पेशींचे आकारमान खोटे कमी येईल. मग थ्री-डी ऑब्जेक्ट्स काउंटर. एका व्हॉक्सेलचे आकारमान ०.००१६ घन मायक्रॉन. १०० घन मायक्रॉनपेक्षा लहान कचरा गाळायला किमान आकार ६२,५०० व्हॉक्सेल द्या. चिकटलेली केंद्रके वॉटरशेडने सुटतात. गर्दी जास्त असेल तर स्टारडिस्ट किंवा सेलपोज ही केंद्रके वेगळी करणारी सॉफ्टवेअरे वापरा, पण प्रत्येक सीमा डोळ्यांखालून घाला.

आलेला आकडा कागदावर पडताळा. १५ × १२ × ७ मायक्रॉनच्या लंबगोलाचे आकारमान π ÷ ६ ने गुणून ६६० घन मायक्रॉन येते. तुमचे केंद्रक ३,००० दाखवत असेल तर व्हॉक्सेल चुकले आहे. अशा केंद्रकाचा पृष्ठभाग सुमारे ४०० चौरस मायक्रॉन. थ्रेशोल्डने कडा फक्त ०.१ मायक्रॉन आत-बाहेर झाली तरी आकारमान ४० घन मायक्रॉनने, म्हणजे ६ टक्क्यांनी हलते. म्हणून दोन गटांत ५ टक्के फरक आला की उड्या मारू नका. थ्रेशोल्डची पद्धत सर्व फाइलींना एकच ठेवा आणि शक्य तर कोणती फाइल कोणत्या गटाची हे मोजणाऱ्याला कळू देऊ नका.

विभाजनाकडे निघालेल्या पेशीचे केंद्रक नुकत्याच जन्मलेल्या पेशीच्या जवळपास दुप्पट असते. औषधाने पेशी एका टप्प्यावर अडवल्या तर सरासरी आकारमान आपोआप वाढेल. प्रत्येक केंद्रकातल्या डॅपीची एकूण बेरीजही काढा. तिच्यावरून एकपट आणि दुप्पट डीएनएच्या पेशी वेगळ्या करून तुलना करा. गटामागे किमान पन्नास केंद्रके, आणि ती तीन वेगवेगळ्या दिवशी पेरलेल्या कल्चरमधून. एकाच स्लाइडवरची दीडशे केंद्रके म्हणजे एकच प्रयोग.

डीकॉन्व्होल्यूशनने, म्हणजे ऑब्जेक्टिव्हचा धूसरपणा गणिताने काढून, चित्र खुलते आणि उभा धूसरपणा कमी होतो. फिजीत डीकॉन्व्होल्यूशनलॅब२ आहे. मण्यांचा स्टॅक असेल तर तोच पीएसएफ (एक बिंदू यंत्रात जसा पसरट दिसतो ते चित्र) म्हणून द्या. आवर्तने १० ते २० पुरेत. पुढे ढकलत गेलात तर गोंगाटाचे ठिपके बनतात आणि ते क्रोमॅटिनचे गोळे वाटतात. मूळ फाइलवर तो ठिपका अजिबात दिसत नसेल तर तो मोजू नका.

पावसाळा

जून ते सप्टेंबर ऑब्जेक्टिव्हवर बुरशी धरते. भिंगावर बारीक जाळे दिसू लागले की ती लेपात शिरलेली असते आणि पुसून जात नाही. खोलीची आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवा, डीह्युमिडिफायर रात्रीही चालू. चवथीच्या सुट्टीत वीज वाचवायला म्हणून तो बंद करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. यंत्राच्या दृष्टीने ती सगळ्यात महागडी बचत. सुट्टीवर जाताना ऑब्जेक्टिव्ह काढून सिलिका जेलच्या बंद डब्यात ठेवा, आणि जेल निळे आहे की गुलाबी ते पाहा. काम संपल्यावर तेल लेन्स पेपरने एका दिशेने टिपा, घासू नका. वीज लुकलुकते त्या दिवसांत यूपीएसशिवाय स्टॅक सुरू करू नका, आणि प्रत्येक स्टॅक संपताच सेव्ह करा. शेवटी एकदम सेव्ह करण्याच्या नादात अख्खे सत्र जाते.

ग्लिसरॉलच्या स्लाइड ४ अंशांवर अंधारात ठेवून आठवड्याच्या आत पाहून टाका. नंतर रंग द्रवात उतरू लागतो. प्रत्येक स्लाइडच्या वहीत पेशी, दाटी, फिक्स केल्याची तारीख, माउंटिंगचे द्रव आणि किती मायक्रोलिटर, ऑब्जेक्टिव्ह आणि एनए, तेलाचा अपवर्तनांक, लेसरचे टक्के, पिनहोल, पिक्सेल, पायरी आणि खोलीचे तापमान लिहा. शोधनिबंधाचे परीक्षक नेमके हेच विचारतात, आणि यातला द्रवाचा रकाना बहुतेकांच्या वहीत रिकामा असतो.